संस्थळावर लोकांचा आणि शोधयंत्रांचा विश्वास बसावा म्हणून वेळ कुठे घालवावा?

साखळी_गिअर

नमस्कार मंडळी. सायकलची देखभाल-दुरुस्ती या विषयावर मी एक छोटं संस्थळ चालवतो. सगळे लेख प्रत्यक्ष काम करून, हात काळे करून आणि स्वतः फोटो काढून लिहिलेले आहेत. कुठल्याही कंपनीशी लागेबांधे नाहीत. वाचणारे आवर्जून कळवतात की उपयोग झाला. पण गुगलवर शोधावं तर माझा लेख तिसऱ्या-चौथ्या पानावर असतो. त्याच्या वर जे लेख दिसतात, त्यातल्या काहींच्या लेखकाने साखळी कधी हातात घेतली असेल असं वाटत नाही.

अशात एक ईमेल आलाय. शेकडो ‘दर्जेदार’ साइटवरून लिंक देतो, ऑथॉरिटी पन्नासच्या वर नेतो, पहिल्या पानाची हमी, वगैरे. एक जवळचा मित्र म्हणतो, सगळे हेच करतात, तूच मागे राहतोस. मला ते पटत नाही, पण त्याला उत्तर द्यायला ठोस कारणही हाताशी नाही.

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं. हा मार्ग सोडायचा तर मग माझा वेळ कुठे घालवू?

तळटीप

घेऊ नका. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गुगलच्याच मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलेलं आहे. बाकी सविस्तर इथले इतर लिहितीलच. मीही वाचतेय.

दुवेकरी

तुमच्या मित्राचं म्हणणं एके काळी बऱ्याच अंशी खरं होतं, म्हणून ते अजून कानावर येतं. ते खरं का होतं आणि आता का नाही, हे समजून घेतलंत तर असल्या ईमेलचा मोह पुन्हा होणार नाही.

१९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये असताना आपल्या शोधयंत्राची रचना मांडणारा निबंध लिहिला. त्यातली मध्यवर्ती कल्पना म्हणजे पेजरँक. शोधनिबंधांचं महत्त्व त्यांना किती आणि कोणी संदर्भ दिले यावरून जोखतात, तोच न्याय त्यांनी लिंकना लावला. एका पानाने दुसऱ्याला लिंक दिली की स्वतःच्या वजनातला वाटा दिला. ते पान जितक्या लिंक देईल तितक्यांत तो वाटा विभागला जातो. देणाऱ्याचं वजन पुन्हा त्याला कोण लिंक देतं यावर ठरतं. सूत्रात ०.८५ असा एक गुणक आहे. वाचक लिंकवरून लिंकवर पुढे जात राहील याची ती शक्यता, आणि उरलेल्या ०.१५ मध्ये तो कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो असं धरलंय.

आता तुम्हाला मिळणार असलेल्या लिंक या सूत्रात घालून पाहा. ज्या पानाला जगात कोणी विचारत नाही आणि ज्याच्यावर शेकडो लिंक ओळीने लावलेल्या आहेत, त्याच्याकडे वाटण्यासारखं वजन असतंच कुठे? असल्या लिंक मूळ सूत्रातही फुसक्याच होत्या. पण लोकांनी एकमेकांना लिंक देणाऱ्या साइटींची जाळी विणली, जुनी नावाजलेली डोमेन विकत घेऊन त्यांवर लिंक टाकल्या, आणि काही वर्षं ते खपून गेलं.

मग धक्के बसले. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की जेसी पेनी या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळीच्या पानांना हजारो असंबद्ध साइटवरून लिंक लावलेल्या होत्या, आणि ऐन सणासुदीच्या काळात कपड्यांपासून अंथरुणापर्यंतच्या शोधांत ती पानं सगळ्यांत वर होती. गुगलने कारवाई केली आणि ती पानं कित्येक जागा खाली घसरली. कंपनीने आपल्याला याची कल्पना नव्हती असं सांगून काम करणाऱ्या एजन्सीला काढून टाकलं. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१२ मध्ये, गुगल क्रोमच्या प्रचारासाठी पैसे देऊन लिहून घेतलेले लेख उघडकीला आले. तेव्हा गुगलने स्वतःच्याच क्रोमच्या पानाला ६० दिवस खाली ढकललं. एप्रिल २०१२ मध्ये गुगलच्या गणितातला ‘पेंग्विन’ नावाचा बदल आला आणि बनावट लिंकवर उभ्या राहिलेल्या असंख्य साइट कोसळल्या.

२०१६ मध्ये पेंग्विन मुख्य गणितात मिसळलं. तेव्हापासून अशा लिंकसाठी साइटला शिक्षा करण्यापेक्षा त्या लिंक धरायच्याच नाहीत असा कल आहे. म्हणजे आज गठ्ठ्याने लिंक घेतल्या तर बहुधा काहीच होणार नाही, फक्त पैसे जातील. आणि गुगलच्या कर्मचाऱ्याच्या नजरेला पडलात तर सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठी गुगलचं साधन) ‘मॅन्युअल ॲक्शन’ची, म्हणजे माणसाने तपासून केलेल्या कारवाईची, नोटीस येते. मग लिंक काढा, फेरविचाराचा अर्ज करा, वाट पाहत बसा. दोन्हीकडून तोटाच आहे.

राहता राहिली ती ‘ऑथॉरिटी पन्नास’. डोमेन ऑथॉरिटी हा साइटचं वजन अंदाजाने सांगणारा मॉझ या कंपनीचा आकडा आहे, डोमेन रेटिंग एचरेफ्सचा. गुगल दोन्ही वापरत नाही. गुगलचा स्वतःचा जाहीर पेजरँक आकडा ब्राउझरच्या टूलबारमध्ये दिसायचा, तो २०१६ मध्ये कायमचा बंद झाला. त्रयस्थ आकडा फुगवणं अवघड नसतं. तो फुगला म्हणून वाचक वाढत नाहीत.

साखळी_गिअर

दुवेकरी, इतकं मनापासून लिहिल्याबद्दल आभार. हे आता मित्राला जसंच्या तसं पाठवतो.

दोन शंका. लिंकना आता किंमतच नाही असा याचा अर्थ घ्यायचा का? आणि माझ्या साइटकडे येणाऱ्या लिंकच्या यादीत कुठल्याकुठल्या जुगाराच्या वगैरे साइट दिसतात. मी त्या मागितलेल्या नाहीत. त्या नाकारण्याचं एक साधन आहे म्हणे?

दुवेकरी

किंमत आहे, पण खऱ्या लिंकला. तुमचा लेख वाचून एखाद्याने ‘हे नीट समजावलंय’ म्हणून आपल्या लेखात दुवा दिला, तर तसा एक दुवा त्या शेकड्यांना भारी आहे. सायकलस्वारांच्या गटाची साइट, एखाद्या प्रवासवर्णनात ‘मी ब्रेक असे नीट केले’ म्हणून आलेला दुवा, एखाद्या शिक्षकाने मुलांना दिलेली वाचनयादी, असं काही. अशा दुव्यावरून माणसंही येतात, आणि माझ्या लेखी चांगल्या लिंकची हीच परीक्षा आहे: शोधयंत्रं नसती तरी ती तुम्हाला हवी वाटली असती का?

नाकारण्याचं साधन ऑक्टोबर २०१२ पासून आहे. ते ज्यांनी स्वतः लिंक विकत घेतल्या आणि आता निस्तरायचंय त्यांच्यासाठी. आपोआप चिकटलेली घाण गुगल बहुतेक वेळा स्वतःच बाजूला काढतं. उगाच हात लावू नका, चुकून चांगल्या लिंकही नाकारल्या जातात.

तुम्ही स्वतः बाहेर लिंक देताना मात्र खुणा नीट लावा. टिप्पण्यांमधल्या जाहिरातबाजीला आळा घालायला ‘नोफॉलो’ (या लिंकला वजन देऊ नका, असं शोधयंत्राला सांगणारी खूण) २००५ मध्ये आलं. २०१९ मध्ये त्याच्या जोडीला दोन खुणा आल्या, पैसे घेऊन दिलेल्या लिंकसाठी ‘स्पॉन्सर्ड’ आणि वाचकांनी टाकलेल्यांसाठी ‘यूजीसी’. तुमच्या लेखाखाली लोक प्रतिक्रिया लिहितात ना? मग दुसरी तुमच्या कामाची आहे.

अनुक्रमणिका

लिंकच्या आधीची पायरी राहून जातेय. शोधयंत्र तीन कामं करतं. पान आणणं, ते आपल्या सूचीत नोंदवणं, आणि मग क्रम लावणं. पुष्कळ लोक तिसऱ्यासाठी धडपडतात आणि अडलेलं असतं पहिल्या-दुसऱ्यात.

सर्च कन्सोलमध्ये पानांचा अहवाल उघडा. तिथे ‘सापडलं, पण सध्या सूचीत नाही’ आणि ‘आणलं, पण सध्या सूचीत नाही’ अशा दोन नोंदी असतात. दोन्ही वरवर सारख्या वाटतात, पण आजार वेगळे. पहिलीत पत्ता कळलाय पण बॉट (पानं आणणारा शोधयंत्राचा प्रोग्रॅम) तिथे गेलेलाच नाही. अशा पानाकडे साइटच्या आतून कुठूनच वाट नाही, असं बऱ्याचदा निघतं. दुसरीत बॉटने पान वाचलं आणि तूर्तास ठेवायचं नाही ठरवलं. तिथे मजकुराकडे बघावं लागतं: हेच तुमच्या दुसऱ्या लेखात आलंय का, चार ओळींचंच पान आहे का.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून सविस्तर लिहिते. रोबोट्स फाईलमध्ये एखादं पान बंद केलं की ते शोधात दिसणार नाही, असं लोक धरून चालतात. ती फाईल फक्त ‘इथे येऊ नका’ एवढंच सांगते. बाहेरून कोणी त्या पानाला लिंक दिली तर नुसता पत्ता शोधात येऊ शकतो. पान शोधात नकोच असेल तर त्यावर ‘नोइंडेक्स’ लिहावं लागतं, आणि ते वाचायला बॉटला आत येऊ द्यावं लागतं. दोन्ही एकदम लावलं तर बॉट दारातूनच परत जातो आणि आत लिहिलेली सूचना त्याला कधी कळतच नाही.

उलटंही होतं. साइट तयार करताना ‘शोधयंत्रांना दाखवू नका’ हा पर्याय चालू केलेला असतो आणि प्रकाशित करताना तो तसाच राहतो. साखळी_गिअर, हे आजच बघून घ्या.

एकच लेख दोन-तीन पत्त्यांवर उघडत असेल, छपाईची प्रत, वर्गवारीतून येणारी प्रत वगैरे, तर कॅनॉनिकल खुणेने मूळ कोणता ते सांगा. साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पत्त्यांची यादी, द्या. एका फाईलमध्ये ५०,००० पत्ते मावतात, तुम्हाला एक फाईल जन्मभर पुरेल. आणि कीवर्डचा मेटा टॅग (पानाच्या कोडमध्ये शोधशब्द लिहायची, वाचकाला न दिसणारी जागा) भरत असाल तर सोडून द्या. गुगल क्रम लावताना तो बघत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलंय.

मंद_वारा

वेगाबद्दल थोडक्यात. तीन मापं बघा: पानातला मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद यावा, आणि वाचताना मजकूर इकडेतिकडे उड्या मारू नये (ते माप ०.१ च्या आत). हे आकडे चारातल्या तीन भेटींना तरी गाठता यावेत अशी अपेक्षा असते. तुमच्याकडे फोटो खूप आहेत, म्हणजे तिथेच अडकत असणार. फोटो लहान करा आणि प्रत्येकाला रुंदी-उंची लिहा, म्हणजे मजकूर खाली ढकलला जाणार नाही. यापलीकडे फार जीव काढू नका. उत्तर चुकीचं असेल तर वेगवान पानाचा काही उपयोग नाही.

निळी_शाई

आतापर्यंतचं सगळं बरोबर आहे, पण शीर्षकातला ‘विश्वास’ अजून कोणी हातात घेतलेला नाही.

स्टॅनफर्डमध्येच बी. जे. फॉग यांच्या गटाने तीन वर्षं, ४,५०० पेक्षा जास्त लोकांना घेऊन, माणसं संस्थळावर विश्वास कशामुळे ठेवतात याचा अभ्यास केला आणि २००२ मध्ये दहा सूचना मांडल्या. आज वाचल्या तरी त्यांतली एकही शिळी वाटत नाही. माहिती पडताळून पाहता यावी. साइटमागे खरीखुरी माणसं आहेत हे दिसावं. त्यांना त्यातलं काय कळतं हे दिसावं. संपर्क करणं सोपं असावं. जाहिरातीचा मारा नसावा. आणि शेवटची मला सगळ्यांत आवडते: चूक कितीही बारीक वाटली तरी ती राहू देऊ नये. शुद्धलेखनाची चूक किंवा बंद पडलेला दुवाही त्यात आला. त्याच सुमारास त्यांनी २,६८४ लोकांकडून साइटींबद्दल मतं मागवली होती. त्यांतल्या ४६.१ टक्के शेऱ्यांमध्ये साइट दिसते कशी याचा उल्लेख होता. म्हणजे मांडणी हा वरवरचा मामला नाही.

गुगलकडे शोधाचा दर्जा तपासणाऱ्या माणसांसाठी जाडजूड मार्गदर्शिका आहे आणि ती कोणालाही वाचता येते. त्यात तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता हे तीन निकष होते. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांत ‘अनुभव’ जोडला गेला. लिहिणाऱ्याने ती गोष्ट स्वतः केली आहे का, हा प्रश्न. चौघांच्या केंद्रस्थानी विश्वासार्हता ठेवलेली आहे, कारण तीच नसेल तर बाकीच्या तिघांचा उपयोग नाही. या तपासनीसांनी दिलेले गुण थेट कुठल्या साइटचा क्रम बदलत नाहीत. गणितं बरोबर चालली आहेत का हे बघायला ते वापरतात. पण गुगलला कशा प्रकारचं पान वर हवं आहे, ते तिथे लिहिलेलं आहे. आरोग्य, पैसा, सुरक्षितता असे विषय असतील तर कसोटी आणखी कडक. तुमचा ब्रेकवरचा लेख सुरक्षिततेत मोडतो, हे लक्षात असू द्या.

साखळी_गिअर, तुमचा लेख खरोखर अनुभवातून लिहिलेला आहे, असं तुम्ही इथे सांगितलंत. ते तुमच्या साइटवर कुठे दिसतं? लेखकाबद्दल पान आहे? फोटोखाली काय लिहिता?

रोखठोक

माफ करा, पण मला हे ऐकून ऐकून त्रास होतो. ‘चांगलं लिहा, विश्वास कमवा, आपोआप वर याल.’ येत नाही हो आपोआप. मी एक विषय घेऊन मनापासून लिहिलं, वाचकांनी वाखाणलं, आणि एका मोठ्या साइटने तेच मुद्दे फिरवून लिहिले तर त्यांचा लेख वर आणि मूळ लेख खाली. लहान माणसाने कष्ट करायचे आणि वजनदाराने फळ खायचं, हे चित्र रोज दिसतं. त्यावर बोला.

निळी_शाई

रोखठोक, तुमची तक्रार रास्त आहे. मला त्यावर पांघरूण घालायचं नाही. मोठ्या नावाला झुकतं माप मिळतं, कारण त्याच्याकडे वर्षानुवर्षं साठलेल्या लिंक आणि ओळख असते. मोठ्या वर्तमानपत्रांच्या आणि इतर नामांकित साइटींनी आपल्या नावाखाली तिसऱ्याचा भलताच मजकूर चढवून तो वर आणण्याचा सपाटाच लावला होता. मार्च २०२४ मध्ये गुगलने नियमांत त्याला गैरवापर ठरवलं, आणि त्याच वेळी जुन्या डोमेनचं नाव घेऊन त्यावर भलतं काही चालवणं आणि केवळ क्रमासाठी ढिगाने मजकूर पाडणं हेही त्यात आलं. प्रश्न मिटलाय असं मी म्हणणार नाही.

पण लहान साइटला उभं राहायला जागा कुठे असते? ‘सायकल दुरुस्ती’ अशा रुंद शब्दावर नाही. ‘नवीन साखळी टाकल्यावरही मागच्या लहान चक्रावर सटकते’ अशा प्रश्नावर असते. तिथे मोठ्या साइटकडे उत्तरच नसतं, कारण ते लिहायला कोणीतरी सायकल उलटी करून बसावं लागतं.

दुवेकरी

निळी शाईला अनुमोदन. आणि रोखठोक, दुसऱ्याने मुद्दे उचलले तर त्यांना लिहा आणि श्रेय व दुवा मागा. काही जण देतात. मजकूर शब्दशः उचलला असेल तर गुगलकडे कॉपीराइटची तक्रार करता येते, त्यावर पान शोधातून काढलं जातं.

साखळी_गिअर

निळी शाई, तुम्ही विचारलेल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं ‘नाही’ अशी आहेत. लेखकाबद्दल पान नाही, फोटोखाली ओळ नाही.

नेमकी अडचण दाखवतो. साखळी सटकण्यावरचा लेख सर्च कन्सोलनुसार पुष्कळ वेळा लोकांसमोर येतो, पण क्लिक अगदी नगण्य. शीर्षक आहे ‘साखळीविषयी सर्व काही : संपूर्ण माहिती’. सुरुवात अशी:

‘सायकल हे आपल्या सर्वांचे आवडते वाहन आहे. सायकलमध्ये साखळीला अनन्यसाधारण महत्त्व आहे. आज आपण साखळीविषयी सविस्तर जाणून घेणार आहोत.’

सुधारणा सुचवा, मनाला लावून घेणार नाही.

निळी_शाई

सुरुवातीच्या तीन ओळींत साखळी सटकण्याबद्दल काहीच नाही. शोधणाऱ्याची साखळी आत्ता सटकतेय, त्याचे हात ग्रीसने भरलेत, त्याला हे वाचायचं नाहीये. तुम्ही हे काम कसं तपासता ते मला इथे साध्या शब्दांत सांगा बरं, लेखासारखं नको.

साखळी_गिअर

आधी साखळी ताणली गेलीय का ते मोजतो. साखळीच्या लागोपाठच्या दोन पिनांमध्ये अर्धा इंच असतो. म्हणजे नव्या साखळीत २४ कड्यांची लांबी बरोबर १२ इंच भरते. साखळीला ताण देऊन पट्टी लावायची, शून्य एका पिनेच्या मध्यावर. तिच्यापुढची चोविसावी पिन १२ इंचावर आली तर साखळी ठीक. ती १२ पूर्णांक १/१६ इंचाच्या पुढे गेली तर साखळी बदलायची वेळ झाली. आणि १२ पूर्णांक १/८ पर्यंत गेली असेल तर बहुतेक मागची दातेरी चक्रंही झिजलेली असतात. मग नुसती साखळी बदलून भागत नाही, नवी साखळी जुन्या चक्रावर सटकते. लोक इथेच फसतात, त्यांना वाटतं नवी साखळी खराब निघाली.

निळी_शाई

हीच तुमच्या लेखाची सुरुवात. एक शब्द बदलू नका.

शीर्षक करा ‘साखळी सटकते? २४ कड्या मोजून झीज कशी ओळखावी’. पट्टी लावलेल्या साखळीचा फोटो पहिल्या परिच्छेदाखालीच द्या, आणि फोटोखाली लिहा की ही किती वापरलेली साखळी आहे आणि पिन कुठे आलीय. लेखाच्या शेवटी तुमच्याबद्दल दोन ओळी: किती काळ दुरुस्ती करता, कुठल्या प्रकारच्या सायकलींवर हात बसलाय, कुठल्या प्रकारांवर नाही. आपल्याला काय येत नाही हे लिहिणाऱ्यावर लोकांचा जास्त विश्वास बसतो. संपर्काचा पत्ता द्या. कोणी चूक दाखवली तर दुरुस्त करा आणि काय बदललं ते लेखाखाली तारखेसह नोंदवा.

अनुक्रमणिका

क्या बात! आणि ‘झिजलेली चक्रं’ यावर तुमचा वेगळा लेख असेल तर तिथे दुवा द्या, ‘येथे क्लिक करा’ या शब्दांवर नको, ‘मागची चक्रं झिजली हे कसं ओळखावं’ या शब्दांवर. वाचकालाही कळतं आणि बॉटलाही.

शीर्षक बदलल्यावर शोधात लगेच तसंच दिसेल असं नाही. गुगल कधीकधी स्वतःच्या मनाने शीर्षक बदलून दाखवतं, विशेषतः ते मजकुराशी जुळत नसेल तेव्हा. तुमचं जुळतंय, तेव्हा काळजी नाही.

पायवाट

नवीन सदस्य आहे, धागा फार आवडला. वाचनखूण साठवली आहे. दोन प्रश्न. लेख किमान किती शब्दांचा असावा? आणि जुन्या लेखांची तारीख बदलून ‘ताजा’ दाखवला तर फायदा होतो का? एआयकडून झटपट लेख लिहून घेण्याबद्दलही मत हवंय.

तळटीप

शब्दांची अट नाही. गुगलनेच सांगितलंय की अमुक इतके शब्द आम्हाला आवडतात असं काही नसतं. प्रश्नाचं उत्तर पुरं झालं की थांबावं. मजकुरात काहीही न बदलता फक्त तारीख बदलणं, हे शोधयंत्रासाठी लिहिण्याचं लक्षण म्हणून त्यांनी नोंदवलंय. वाचकाचीही ती सरळ फसवणूक आहे. असं कृपया करू नका.

एआयबद्दल: लेख कशाने लिहिला यापेक्षा तो कशासाठी लिहिला हे बघितलं जातं. भाषा तपासायला, रूपरेषा करायला मदत घेतली तर नियमाला धक्का लागत नाही. पण कुणालाही नव्याने काही न देणारे शेकडो लेख पाडले तर तो ‘ढिगाने पाडलेला मजकूर’ ठरतो, यंत्राने लिहिला असो की माणसाने. यंत्राने साखळी मोजलेली नसते. ती मोजलेला माणूस या धाग्यावर आहे, आणि त्याचा लेख मला वाचायचाय.

मंद_वारा

एक भर. लेखाचा पत्ता देवनागरीत ठेवावा की रोमनमध्ये, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. शोधयंत्राला दोन्ही चालतं. पण पत्ता कॉपी करून कुठे चिकटवला की देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह नऊ अक्षरांच्या सांकेतिक रूपात उलगडतं. ‘सायकल’ या एका शब्दाचे (काना धरून पाच चिन्हं) ४५ होतात. असा लांबलचक पत्ता ईमेलमध्ये मध्येच तुटतो आणि दुवा मोडतो. देवनागरी ठेवायचं तर दोन-तीन शब्दांत आवरा.

साखळी_गिअर

सगळ्यांचे मनापासून आभार. साखळीचा लेख नव्याने लिहायला घेतलाय. शोधयंत्रांपासून लपवण्याचा पर्याय बंद आहे, बघून घेतलं. लेखकाबद्दलचं पान आज रात्री लिहितो.

आणखी दोन गोष्टी विचारतो. हल्ली शोधाच्या वरतीच एआयचं तयार उत्तर येतं. त्यात आपलं नाव यावं म्हणून वेगळं काही करावं लागतं का? आणि मला डोमेनचं नाव बदलायचंय, सध्याचं फार लांब आहे. इतकं सगळं जमवल्यावर ते पाण्यात जाईल का?

दुवेकरी

पहिल्याचं उत्तर: गुगलच्या सांगण्याप्रमाणे वेगळी खूण किंवा वेगळी फाईल लागत नाही. पान सूचीत असावं आणि त्यातला उतारा दाखवायला मनाई नसावी, एवढीच अट. उतारा दाखवू नये असं सांगणारी ‘नोस्निपेट’ खूण लावली तर त्या उत्तरांतही तुमचा मजकूर वापरला जात नाही, पण मग साध्या निकालांतही वर्णनाची ओळ जाते. त्यासाठीही वेगळ्या ‘खास सेवा’ विकणारे ईमेल येतील, त्यांनाही तेच उत्तर.

अनुक्रमणिका

डोमेन बदलायचं असेल तर साइट लहान आहे तोवर बदललेलं बरं. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच लेखाच्या नव्या पत्त्यावर ३०१, म्हणजे कायमस्वरूपी वळण, लावा. सगळं मुखपृष्ठावर वळवू नका, तसं केलं तर जुनी पानं नाहीशी झाली असं धरलं जातं आणि त्यांना मिळालेल्या लिंक वाया जातात. सर्च कन्सोलमध्ये पत्ताबदलाचं साधन आहे, तिथे कळवा. लेखांतले आपापसांतले दुवे, कॅनॉनिकल खुणा आणि साइटमॅप नव्या पत्त्यावर आणा. ज्यांनी तुम्हाला लिंक दिलीय त्यांतल्या महत्त्वाच्यांना ईमेल करून पत्ता बदलून घ्या.

काही आठवडे क्रम वरखाली होईल. तेवढ्यात घाबरून परत जुन्या नावावर जाऊ नका, त्याने गोंधळ वाढतो. आणि मजकुराचे मोठे बदल व डोमेनबदल एकाच आठवड्यात करू नका, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही. वळणं किमान वर्षभर ठेवावीत असं गुगल सांगतं. मी म्हणेन जुनं डोमेन सोडूच नका, दर वर्षी नूतनीकरण करत राहा. सोडलंत तर दुसराच कोणी ते उचलून तुमच्या जुन्या लिंकवर भलतंच काही उभं करतो.